मुठेकाठचा राजगड: संभाजी उद्यानातल्या एका दिवाळी किल्ल्याचे प्रकरण

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरून संभाजी उद्यानात शिरले की मागे वाहनांची गर्दी आणि पुढे मुठा नदी, असा हा चिंचोळा हिरवा पट्टा आहे. दिवाळीत महापालिकेच्या किल्ले स्पर्धेमुळे इथे ठिकठिकाणी मातीचे गड उभे राहतात आणि संध्याकाळी माणसे मुलाबाळांना घेऊन ते पाहायला येतात. एरवी प्रत्येक वाड्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात होणारी ही कला इथे एकाच जागी शेजारी शेजारी पाहता येते. त्यामुळे तिच्यातले बरे-वाईटही लगेच कळते.

या लेखात एकच किल्ला घेतला आहे. परिस्थिती अशी धरली आहे: सहा मुले, मदतीला दोन मोठी माणसे, १० फूट × ८ फुटांची जागा आणि विषय राजगड. जागा ताब्यात मिळते ती प्रदर्शन खुले होण्याच्या जेमतेम तीन दिवस आधी. घरच्या अंगणात आठवडाभर रेंगाळत केलेल्या किल्ल्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. बहुतेक चुका या तीन दिवसांच्या घाईतूनच होतात.

राजगड का अवघड

राजगड निवडणारे गट पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा राजगड ओळखू येत नाही. कारण सरळ आहे. किल्ला म्हटले की आधी तटबंदी, बुरूज आणि दरवाजे डोळ्यांपुढे येतात, मग त्यांच्याखाली बसेल असा एक ढीग रचला जातो. राजगडाची ओळख मात्र त्याच्या डोंगरात आहे. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या: उत्तरेला पद्मावती, पूर्वेच्या अंगाला सुवेळा, नैर्ऋत्येला लांबलचक, टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली संजीवनी. वरून पाहिले तर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा हा आकार दिसतो. तो बरोबर आला तर तट अर्धवट राहिला तरी गड ओळखू येतो. तो चुकला तर तीस बुरूज लावूनही तो कुठलाही किल्ला वाटतो.

म्हणून या गटाचा पहिला दिवस मातीत हात न घालता जातो, आणि तो वाया जात नाही. भूउठावाचा नकाशा, म्हणजे समोच्च रेषा दाखवणारा, ए-३ कागदावर छापून घ्यायचा. त्यावर ३.५ सेंटिमीटरचे चौकोन आखायचे: आडवे १०, उभे ८. जागेवर खिळे ठोकून सुतळीने १ फुटाचे तेवढेच चौकोन आखायचे. १ फूट म्हणजे साधारण ४५० मीटर धरले की आडवे प्रमाण १:१५०० च्या जवळ येते आणि तिन्ही माच्या जागेत बसून भोवती पायथ्यालाही जागा उरते. त्यानंतर नकाशातली प्रत्येक ठळक रेषा कोणत्या चौकोनातून जाते ते पाहून जमिनीवर रांगोळीने उतरवायची. रांगोळीच घ्यावी. चुना ओल्या हातांना झोंबतो आणि पुढे रोपांनाही मानवत नाही.

उंचीचे प्रमाण वेगळे ठेवावे लागते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा उठाव साडेसहाशे मीटर धरला तर १:१५०० ने गड ४३ सेंटिमीटरच होतो आणि उभ्याने पाहणाऱ्याला चपटा भासतो. उंची दीडपट केली की ६५ सेंटिमीटर होते आणि हिशेबही सोपा होतो: १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. मुलांना हे प्रमाण तोंडपाठ राहते. कुणी विचारले तर उंची मुद्दाम वाढवली आहे हे मोकळेपणाने सांगावे, फलकावरही लिहावे.

दिशा हा दुसरा मुद्दा. या उद्यानात नदी साधारण पूर्वेच्या बाजूला येते. सुवेळा माची नदीकडे तोंड करून लावली की प्रतिकृतीच्या दिशा आणि खऱ्या दिशा जुळतात. होकायंत्र लावून एकदा खात्री करावी. एवढ्या एका गोष्टीने गडाची माहिती सांगणाऱ्या मुलाचे काम निम्मे हलके होते, कारण ते थेट हात करून पूर्व दाखवू शकते.

कातळ आधी पाहून घ्यावा

सांगाडा रचण्यापूर्वी रस्ता ओलांडून पाताळेश्वराला जाऊन यावे. उद्यानापासून तो चालत काही मिनिटांवर आहे. राष्ट्रकूटकाळातले, साधारण आठव्या शतकातले हे लेणे एकसंध काळ्या पाषाणात वरून खाली खोदलेले आहे. अंगणातला गोल नंदीमंडप आणि त्याचे छत्रीसारखे छत पाहायला सगळे थांबतात. किल्ला करणाऱ्यांनी मात्र मागच्या भिंतीजवळही थांबावे. तिथे काम अर्धवट राहिल्याने दगड कसा फुटतो, कुठे सपाट सुटतो, त्याचा रंग ओलाव्यात कसा गडद होतो, हे दिसते.

राजगडाचा कातळही याच घराण्यातला. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे दिसतात. आइस्क्रीमच्या कोनासारखा गुळगुळीत डोंगर इथे फार क्वचित. हे एकदा लक्षात आले की सांगाडा कसा रचायचा ते वेगळे सांगावे लागत नाही: विटांचे आडवे थर, प्रत्येक थर आतल्या बाजूला सरकवलेला. वीट साडेसात सेंटिमीटर जाड असते, म्हणजे आपल्या प्रमाणात एक थर ७५ मीटरचा. साडेआठ थरांत गड पूर्ण होतो.

सामान आणि सांगाडा

या जागेसाठी लागणारे सामान असे: सबंध-अर्ध्या मिळून १२० विटा, ४० घमेली डबर (मुठीपासून नारळाएवढे दगड), १० रिकामी गोणपाटे, चाळलेली लाल माती २० घमेली, बारीक वाळू ५ घमेली, भाताचा किंवा गव्हाचा भुसा ५ घमेली, शाडू १० किलो, लाकडी कोळशाची पूड अर्धा किलो, थोडा गेरू, हळीव ६० ग्रॅम, फवारणीचा हातपंप, बांबू ४, ताडपत्री १. घमेले १० लिटरचे धरले आहे.

माती कोणती, यावर दरवर्षी वाद होतो. नदी शेजारीच आहे म्हणून तिथला गाळ उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा. शहरातल्या मुठेच्या गाळात सांडपाणी, काचा, सुया काहीही असते, आणि मुले तो उघड्या हातांनी कालवणार असतात. काळी माती फुकट मिळते, पण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गडाला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. लाल माती, वाळू आणि भुसा ४:१:१ या मापाने कालवला तर भेगा केसाएवढ्याच राहतात. भुसा मातीला आतून धरून ठेवतो. शेण मिळाले तर एक घमेले मिसळावे, वरच्या थराला चिवटपणा येतो. पाणी थोडे थोडे घालावे. लाडू वळता आला आणि तो हातावर आपटल्यावर फुटला नाही तर चिखल झाला. बोटांतून ओघळू लागला तर पाणी जास्त झाले, त्यात अजून कोरडी माती घालावी.

सांगाड्याखाली आधी जमिनीला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यावा आणि सगळ्या जागेभोवती चार बोटे खोल चर काढावा. ऑक्टोबरमध्ये पुण्यात परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक येतो. चर नसेल तर पाणी तळाशी साचते आणि गड खालून बसतो.

विटांचे थर समोच्च रेषांवर कडेने लावायचे, आत डबर भरायचे. डबर भरताना मोठे दगड खाली, बारीक वर, आणि प्रत्येक थरानंतर काठीने ठोकून पोकळी मोडायची. वेळ वाचवण्यासाठी आत सुकी पाने, खोकी किंवा थर्माकोल कोंबण्याची युक्ती फार ठिकाणी दिसते. वरच्या मातीचे वजन आले की हे सगळे दबते. ते एकसारखे दबत नसल्याने एक बाजू आत जाते आणि तटाला तडा जातो. तीन दिवसांच्या कामात हा धोका पत्करू नये.

गोणपाट चिखलाच्या पातळ राड्यात बुडवून सांगाड्यावर पसरायचे. इथे एक बारकावा आहे आणि या प्रकरणात नेमका तोच चुकतो, म्हणून तो पुढे सविस्तर. गोणपाटावर चिखलाचा थर ३ ते ४ सेंटिमीटरच द्यावा. जिथे कडा दाखवायचा तिथे गोणपाट घालूच नये. विटेची उभी बाजू उघडी ठेवून तिच्यावर कोळशाची पूड मिसळलेला पातळ चिखल ब्रशने लावावा. ओल्या कातळाचा काळा-करडा रंग हुबेहूब येतो. ऑइलपेंटने कडे रंगवले तर ते चकाकतात आणि नंतर ती माती बागेत टाकता येत नाही.

दुसऱ्या रात्रीचा पाऊस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गड उभा असतो. तिन्ही माच्या दिसतात, तट बाकी असतो. रात्री अर्धा-पाऊण तास जोराची सर येते. ताडपत्री टाकलेली असते, पण थेट गडावर. पाणी तिच्या खोलगट भागात साचते, तिच्या वजनाने बालेकिल्ल्याची धार बसते. त्याहून मोठे नुकसान सुवेळेचे. माचीचा अर्धा भाग, नेढ्यासकट, उतारावर सरकून पायथ्याला आलेला असतो.

कारणे तीन. पहिले, सुवेळेवर गोणपाट वरून खाली असे लावत नेले होते आणि खालच्या तुकड्याची कड वरच्या तुकड्यावर चढली होती. त्यामुळे ओघळ थेट दोन तुकड्यांच्या मधे शिरला. गोणपाट कौलांसारखे लावायचे असते: खालचा तुकडा आधी, वरच्याची कड त्याच्यावर. दुसरे, सुवेळेची धार अरुंद असते. ती नुसत्या मातीने वाढवल्यामुळे तिथे थर सात-आठ सेंटिमीटरचा झाला होता. एवढा जाड ओला थर उतारावर धरत नाही. तिसरे, नेढे पूर्ण मातीत कोरले होते.

नेढे म्हणजे कड्याच्या वरच्या भागातले आरपार भोक. राजगडाची ही मोठी खूण आहे आणि मुलांना ते करायची सर्वांत जास्त हौस असते. मातीत भोक पाडले की त्याच्या कमानीवर ताण येतो आणि माती ताण सोसत नाही. उपाय म्हणजे जुनी काचेची बांगडी नव्हे (ती फुटते), तर धातूची जाड बांगडी किंवा मडक्याच्या गळ्याचा तुटका कडा दोन दगडांच्या फटीत उभा रोवायचा आणि बाहेरून शाडूचा लेप द्यायचा. आतून उजेड दिसला पाहिजे. उत्तरेच्या वाटेवरून पाहणाऱ्याला नेढ्यातून पलीकडचे आकाश दिसले की त्याचे पाऊल तिथेच थांबते.

दुरुस्ती अशी करावी. सरकलेला भाग थापटून पुन्हा वर चढवू नये. तो सगळा काढून टाकावा, खालच्या विटा उघड्या कराव्यात. धारेच्या जागी अर्ध्या विटा लांबीच्या दिशेने उभ्या लावाव्यात, गोणपाट योग्य क्रमाने टाकावे आणि बांबूच्या वीतभर खुंट्यांनी विटांच्या फटीत टोचून घ्यावे. मग पातळ थर. सहा जण असतील तर दोन तास पुरतात. ताडपत्रीसाठी दोन टोकांना बांबूच्या कैच्या बांधून वर आडवा बांबू टाकावा, म्हणजे ती तंबूसारखी उतरती राहील आणि गडाला टेकणार नाही.

हिरवाई: हळीव किती, केव्हा

हळीव पेरल्यावर दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तीन-चार सेंटिमीटरचा मऊ हिरवा थर होतो. इथे तेवढे दिवस हातात नाहीत. म्हणून पेरणी घरी, जागा मिळायच्या आधीच करायची. गोणपाटाचे तळहाताएवढे तुकडे परातीत ठेवायचे, वर अर्धा सेंटिमीटर माती पसरायची, हळीव टाकायचे आणि दिवसातून तीन वेळा फवारायचे. कामाच्या तिसऱ्या दिवशी हे तुकडे गडाच्या उतारांवर बसवून कडा चिखलाने झाकायच्या. सांधा दिसत नाही.

एका ग्रॅममध्ये हळिवाचे साधारण साडेचारशे दाणे असतात. दर चौरस सेंटिमीटरला एक दाणा हे माप चांगले. अडीच चौरस मीटर उतारांना ६० ग्रॅम पुरतात. पाव किलो उधळले की रोपे एकमेकांवर चढतात, हवा खेळत नाही आणि बुडाशी पांढरी बुरशी धरते. उभ्या उतारावर राहिलेल्या जागांसाठी दाणे वीस मिनिटे भिजवावेत. त्यांना बुळबुळीत आवरण येते. तेच चिखलात कालवून थापले की दाणे घसरत नाहीत. गहू किंवा नाचणी लावू नये. ती वीतभर वाढते आणि तट झाकून टाकते. कड्यांवर काहीच पेरू नये. काळा कडा आणि हिरवा उतार यांच्या फरकातूनच सह्याद्री दिसतो.

पद्मावती तळ्यासाठी खड्डा करून प्लॅस्टिक पसरण्यापेक्षा एक छोटी स्टीलची वाटी काठापर्यंत पुरावी. पाणी झिरपत नाही. ते रोज बदलावे, साचलेल्या पाण्यात डास होतात.

तट, मावळे आणि प्रमाणाचा प्रश्न

सहा मीटर उंच तट १:१५०० ला ४ मिलिमीटर होतो. तेवढा तट करता येत नाही आणि दिसतही नाही. म्हणून शाडूच्या पट्ट्या दीड सेंटिमीटर उंच, कडेच्या अगदी धारेवर. आत सरकवलेला तट ही नेहमीची चूक आहे. खऱ्या गडावर तट कड्याच्या टोकाशी असतो, कारण कडाच मुख्य संरक्षण आणि तट त्याचा शेवटचा हात.

बाजारातला दोन-अडीच इंची मावळा या प्रमाणात नव्वद मीटर उंच होतो. तो माचीवर ठेवला की मेहनतीने जुळवलेला सगळा डोंगर क्षणात खेळण्याएवढा दिसू लागतो. आमचे स्पष्ट मत आहे की गडावर एकही चित्र, म्हणजे मावळ्याची किंवा इतर कुणाची छोटी मूर्ती, ठेवू नये. महाराजांची मूर्ती गडासमोर वेगळ्या चौथऱ्यावर, फुले आणि पणती यांच्यासह मांडावी. तिचा मान राहतो आणि गडाचे प्रमाणही. मावळे ठेवायचेच तर पायथ्याच्या पुढे, वेगळ्या पट्टीवर.

संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी हे राजगडाच्या बांधकामातले सर्वांत देखणे काम, पण या प्रमाणात ते दाखवता येत नाही. त्यावर चांगला उपाय म्हणजे गडाशेजारी दोन फूट लांबीचा एक वेगळा छेद, १:५० प्रमाणात. सहा मीटरचा तट इथे १२ सेंटिमीटरचा होतो. बाहेरचा तट, आतला तट, मधली अरुंद जागा आणि खाली उतरणारे जिने एका बाजूने कापून दाखवावेत. बाहेरचा बुरूज पडला तरी शत्रू आतल्या तटापुढे कोंडला जातो, हे पाहणाऱ्याला शब्दांशिवाय कळते. गर्दी सर्वांत जास्त वेळ या छेदापाशी थांबते.

फलक आणि माहिती सांगणारी मुले

फलकावर ऐंशी शब्दांच्या वर मजकूर नको. अक्षर दोन सेंटिमीटरचे, म्हणजे संध्याकाळी चार हातांवरूनही वाचता येते. काय लिहायचे ते निवडून. राजगड ही रायगडापूर्वीची राजधानी. सईबाईंचे निधन इथेच, ५ सप्टेंबर १६५९. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, त्या बारांत राजगड होता. आग्र्याहून सुटका झाल्यावर महाराज १६६६ मध्ये इथेच परतले. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७०. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. राज्याभिषेक मात्र ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. राजगडावर सिंहासन मांडलेले दिसले तर परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

पाठ केलेले भाषण दुसऱ्या वाक्याला अडखळते. त्याऐवजी प्रत्येक मुलाला गडाचा एक भाग वाटून द्यावा आणि पाहणाऱ्याला गडाच्या आत घेऊन जाणारे पहिले वाक्य शिकवावे. ‘आजी, तुम्ही आता गुंजवणे गावात उभ्या आहात. वर चढायला किती वाटा दिसतात?’ आजी वाकून पाहतात, चोरदरवाजा शोधतात, मग पाली दरवाजाची रुंद वाट दिसते आणि संभाषण सुरू होते. ‘काका, इथे तोफ कुठून चढवली असेल?’ हा प्रश्नही चालतो. एका गटाला तीन मिनिटे पुरतात. दोरी गडापासून दोन फुटांवर बांधावी, मात्र एका कोपऱ्यात लहान मुलांना वाकून पाहता येईल अशी जागा खालच्या उंचीवर मोकळी ठेवावी.

उजेडासाठी पणत्या फक्त पुढच्या पट्टीवर. हळिवात ठेवलेली पणती भोवतालची रोपे करपवते आणि तेल सांडले तर डाग जात नाही. एकच पिवळा दिवा एका बाजूने, खालून तिरपा लावावा, म्हणजे कड्यांच्या सावल्या पडतात. वरून सरळ पडणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली सगळा उठाव सपाट होतो.

पाहायला येणाऱ्यांसाठी

किल्ले पाहायला संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ उत्तम. ऊन तिरपे असते आणि गर्दी वाढलेली नसते. मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक लागूनच आहे. हातात अजून तास असेल तर शेजारच्या बालगंधर्व रंगमंदिरात डोकावावे. खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये त्याची पायाभरणी झाली, पण २६ जून १९६८ रोजी ते खुले झाले तेव्हा ते हयात नव्हते. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची पुरुषवेषातली आणि स्त्रीवेषातली तैलचित्रे इथे आहेत. दोन्ही चित्रांतला चेहरा एकच आहे, उभे राहण्याची ढब बदललेली आहे. किल्ला करणाऱ्या मुलांनी ही ढब नीट पाहावी. आकारातूनच ओळख पटते, हे तिथेही दिसते.

प्रदर्शन संपल्यावर

गड मोडण्याचे कामही याच सहा जणांचे. आधी शाडू वेगळा काढून बादलीत भिजवावा, पुढच्या वर्षी वापरता येतो. विटा आणि डबर धुऊन ज्याचे त्याला परत. हळिवासकट माती उद्यानाच्या माळीकाकांना विचारून वाफ्यात पसरावी, भुसा आणि शेण असल्याने ती बागेला चांगली. नदी दहा पावलांवर असली तरी तिच्यात काही टाकू नये. गोणपाट वाळवून घडी करून ठेवावीत. चर बुजवून जमीन पायाने दाबून घ्यावी, आणि खिळे मोजून काढावेत: चौकोनांच्या प्रत्येक रेषेला दोन या हिशेबाने आडव्या ९ रेषांचे १८ आणि उभ्या ११ रेषांचे २२, मिळून ४०. एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत जागा सोडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गवतावर लहान मुले अनवाणी खेळायला येतात.